चार अंडी जमतील त्या दिवशी

अमोंडी म्हणजे पहाटे झालेली.
आम्ही लुओ लोक मुलाला वेळेचं नाव देतो,
म्हणून पोरीचा प्रहर तरी हरवला नाही.
तारीख दवाखान्याच्या कार्डावर होती.
कार्ड पुरात गेलं,
माझ्या बहिणीच्या शिलाई मशीनबरोबर.
बहीण त्याआधीच गेली होती.

शाळेत रकाना रिकामा चालत नाही.
मास्तरांनी लिहून टाकलं, एक जानेवारी.
वर्गात एक जानेवारीची एकोणीस मुलं!
"मावशी, मग त्या दिवशी
कुणी कुणासाठी गाणं म्हणायचं?"

मी म्हटलं, तूच निवड तुझा दिवस.
तिने कोंबडीकडे पाहिलं, बोटं मोडली,
म्हणाली, चार अंडी जमतील त्या दिवशी.

आता कोंबडीला कोण सांगणार.
तीन झाली, तर एक ओगुटूच्या कुत्र्याने पळवलं.
मग कोंबडी रुसून बसली आठवडाभर.
साखर मी आधीच आणून ठेवली होती,
तिला मुंग्या लागल्या, मी पाखडून घेतली.
बुधवारी दुपारी चौथं अंडं, अजून कोमट,
अमोंडी ओंजळीत घेऊन आली
आणि दारातच उभी राहिली, श्वास धरून.

म्बिताच्या धक्क्यावरची वाळू नको,
तिला डिझेलचा वास.
खडकापलीकडची आणायची,
तीन पाण्यांनी धुवायची, शिंपल्यांचा चुरा वेचायचा,
पत्र्यावर वाळवायची.
मोठ्या पातेल्यात चार बोटं वाळू,
वाळूत तीन खडे, खड्यांवर मार्गारीनचा जुना डबा,
डब्यात पीठ.
खाली शेगडी, वर झाकण,
झाकणावर निखारे.

खरा ओव्हन मी पाहिलाय, किसुमूच्या हॉटेलात,
भांडी घासायला होते तेव्हा.
त्याला काच होती. आत दिवा होता.
केक फुगताना सगळ्यांना दिसायचा.
आमच्या पातेल्याला काच कुठली,
इथे नाकावर भिस्त,
आणि नाकात कालच्या ओमेनाच्या सुकटीचा वास,
राखेने दोनदा घासलं तरी.

"झाकण उघडायचं नाही."
"किती वेळ?"
"बोटींचे दिवे बेटापलीकडे जाईपर्यंत."

तिन्हीसांजा झाल्या. पहिली बोट निघाली,
कंदील पाण्यावर ठेवल्यासारखा.
मग दुसरी, मग मोजणं सुटलं.
अमोंडी गुडघ्यांत हनुवटी घालून बसलेली.
"मी झाले तेव्हा काय चाललं होतं?"

काय चाललं होतं?
मी दाराबाहेर पाणी तापवत होते.
आत तुझी आई ओठ चावत होती.
बोटी परत येत होत्या,
माणसं एकेक कंदील फुंकून विझवत होती,
शेवटचा विझला आणि तू रडलीस.

हे मी कितीदा सांगितलंय तिला.
पण आज बोलता बोलता जीभ अडली.
चांदण्यात कुणी ओमेनाला जात नाही,
मासा दिव्याकडे येतच नाही.
म्हणजे ती अवस होती,
नाहीतर तिच्या आगची-मागची रात्र.

अमोंडीने वर पाहिलं.
"आज चंद्र कुठाय?"
मी झाकणावरचे निखारे सारखे करत राहिले.
धूर डोळ्यांत गेला म्हणायला बरा होता.

केक एका अंगाला करपला,
त्या बाजूला माझ्याकडून विस्तव जास्त पडला होता.
मधोमध थोडा बसला.
ओगुटू आला, कुत्र्याला बाहेर बांधून,
आणि एका अंड्याची भरपाई म्हणून अर्धी मेणबत्ती.

पहिल्याच घासाला तिच्या दाताखाली कचकन आवाज झाला.
तिने कण जिभेवरून बोटावर घेतला,
दिव्याजवळ नेऊन पाहिला,
पुसला फ्रॉकला, आणि दुसरा तुकडा मागितला.

रात्री मी पातेलं उचललं, वाळू ओतून टाकायला.
झोपेतूनच म्हणाली,
फेकू नको, मावशी,
पुढच्या वर्षी परत कोण धुणार.